दाजी, ही यंत्रे टोळीबरोबर न्याच

केडगाव,
कोजागरीनंतरचा रविवार

तीर्थरूप आबासाहेब दाजी यांस,

केडगावहून कल्याणचा वाकून नमस्कार. (अजून बऱ्यापैकी वाकता येते, म्हणजे माझी तब्येत चांगली आहे, वेगळे विचारायला नको.) तुमचा गुडघा कसा आहे? पायऱ्या चढताना अजून कळ येते का? काळी म्हैस व्यायली का, आणि व्यायली असेल तर अक्काने सगळा खरवस शेजारी वाटून टाकला की भावासाठी वाटीभर ठेवला? धनश्रीचा तुम्हा दोघांना नमस्कार. तिची शाळा, तिचे गणित आणि तिचा नवरा, तिन्ही जागच्या जागी आहेत. पैकी पहिल्या दोहोंविषयी तिची काही तक्रार नाही.

आता मुद्द्यावर येतो. अक्काचा फोन आला होता. तुमचा निरोप तिने शब्दाला शब्द सांगितला. "कल्याणला म्हनावं, तुजं ते खेळनं तुज्याच घरी ठिव. माज्या टोळीत पोरं बटनं दाबीत बसली तर धाकल्यांना कोन बघायचं?" दाजी, तुम्ही ऊसतोडीचे मुकादम आहात. टोळी तुमच्या शब्दावर पाथर्डीहून निघते आणि तुमच्या शब्दावर कारखान्याच्या तळावर राहायला कोप्या घालते. तुम्ही नाही म्हणालात की आमची पाढे शिकवणारी यंत्रे इथेच खोक्यात राहणार, आणि तुमच्या टोळीतली पोरे दरवर्षीसारखी निम्मी शाळा फडावर घालवून परत येणार तेव्हा मास्तर त्यांना पुन्हा दोनच्या पाढ्यापासून सुरू करणार. हे मी होऊ देणार नाही. तुमचा मान राखून, तुमच्या पायांवर हात ठेवून सांगतो, होऊ देणार नाही. तेव्हा चष्मा लावा आणि शेवटपर्यंत वाचा.

तुम्ही म्हणाल, गेल्या वर्षी हाच कल्याण पाथर्डीच्या शाळेत "खेळाचे यंत्र म्हणजे मुलाच्या मेंदूला लावलेली जळू" असे गरजला होता. गरजलो होतो. माझे ते भाषण फार चांगले झाले होते. (मुख्याध्यापकांनी तसे सांगितले, आणि ते मागच्या खोलीत फोनवर होते तरी भिंतीतून ऐकू आले म्हणाले.) परतीच्या जीपमध्ये माझ्या शेजारी तुमच्याच टोळीतली गोजरबाई बसली होती, लेकीला घेऊन नगरच्या बाजाराला निघालेली. मी विचारले, कसे वाटले व्याख्यान? तर म्हणाली, "लई ग्वाड बोलता सर. माजी पोरगी इतकी गाढ बऱ्याच दिसांनी झोपली." मग जरा थांबून म्हणाली, "पन सर, पुस्तक वाचा म्हन्ता, तर फडावर ते शिकवनार कोन? आमी पहाटं जातो ते दिवस बुडता येतो." एवढ्यात ती लेक जागी झाली आणि आईच्या मोबाईलवर खेळू लागली. मी तो मोबाईल तत्त्वाने काढून घेतला. तत्त्वानेच जरा तपासून पाहू लागलो. दर थोड्या वेळाने खेळ थांबे आणि कोणी गोरी बाई इंग्रजीत काहीतरी विकू पाही. तिला बाजूला सारून पुढे जावे, तर पुन्हा हजर. माझा संताप इतका वाढला की करंजीचा घाट कधी उतरलो ते कळले नाही, आणि शेवटी ती पोर म्हणाली, "सर, आता माजी बारी."

दाजी, घरी पोचेपर्यंत माझे मत पूर्ण फिरले होते. माझी मते सावकाश फिरत नाहीत. एकदम दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहतात आणि तिथूनही तितक्याच जोरात बोलतात. खेळ वाईट नाही, खेळावर बसलेला व्यापारी वाईट! मग जाहिरात नसलेले, नेट न लागणारे, पाढे आणि अक्षरे शिकवणारे, हातात मावणारे यंत्र आपणच का बनवू नये? असे म्हणून मी वाचनालयातून विजेवरची आणि सर्किटवरची होती नव्हती तेवढी पुस्तके घरी आणली, आणि ती वाचून संपल्यावर मला पहिल्या दिवशीपेक्षा कमी कळत आहे हे लक्षात येताच मोबाईल दुरुस्त करणाऱ्या रमीजच्या दुकानात जाऊन बसलो.

रमीजने मला डाख द्यायला शिकवले. (पहिली तार जोडली ती माझ्या शर्टाच्या बाहीला.) त्याच्याकडूनच कळले की अशी यंत्रे घरी बनवणारे हौशी लोक गावोगाव आहेत. बाजारातून छोटा सर्किट बोर्ड, बोटभर लांबीचा पडदा आणि बॅटरी आणतात, बाकी डोके स्वतःचे. आणि या लोकांची एक रीत आहे, दाजी, ती ऐकून माझ्या अंगावर काटा आला: जो जे बनवेल त्याच्या आकृत्या तो नेटवर सगळ्यांसाठी उघड्या ठेवतो. कोणीही घ्याव्यात, बनवाव्यात, बदलाव्यात. अट एकच, बदल केला तर तोही उघडा ठेवायचा आणि मूळ कोणाचे ते सांगायचे. जन्मभर मी व्यासपीठावरून जे ओरडत आलो ते ही माणसे एक शब्द न बोलता करत होती. मी तिथल्या तिथे हातखेळ मंडळ स्थापन केले. मी, रमीज, पाईपच्या दुकानाचा ज्ञानेश्वर, आणि खेळ लिहिण्यासाठी धनश्री. (ती म्हणाली, "मी येते, पण अध्यक्षीय भाषण असेल त्या दिवशी नाही.") यंत्राचा डबा आम्ही ज्ञानेश्वरच्या दुकानातला पीव्हीसी पाईप तापवून, दाबून, सपाट करून केला. तापवला भाकरीच्या तव्यावर. तो तवा आता मंडळाच्या मालकीचा आहे. बटनांना ठिबकच्या पाईपला बसवतात ती रबरी ग्रोमेट वापरली. अंगठ्याखाली मऊ लागतात आणि आपल्याकडे कुठल्याही शेतात सांडलेली मिळतात.

इथपर्यंत सगळे उत्तम होते. पण त्याच सुमारास मी हिवरे बाजारला जाऊन आलो. तिथे पाण्याचा थेंब न् थेंब ग्रामसभेत सर्वांसमोर ठरतो हे पाहून मी भारावलो आणि केडगावला येऊन जाहीर केले की आमच्या यंत्राचा प्रत्येक स्क्रू सभेत, हात वर करून ठरेल, आणि सभा सर्वांना खुली राहील. दाजी, पाण्याच्या बाबतीत हे योग्य आहे. यंत्राच्या बाबतीत काय होते ते सांगतो. रमीजच्या दुकानात मोबाईल दुरुस्तीला आलेले प्रत्येक गिऱ्हाईक सभासद झाले. एकाने म्हटले, लाईट जाते, टॉर्च पाहिजे. मंजूर. दुसरा म्हणाला, रेडिओ असावा, म्हातारी माणसे कीर्तन ऐकतील. मंजूर. ज्ञानेश्वरने ट्रॅक्टरला अडकवायला लोखंडी हूक सुचवला. तो स्वतःच्या पदरचा देणार म्हटल्यावर विरोध कोण करतो? आणि बरोबर उत्तराला नुसती टिंग वाजण्याऐवजी एसटीसारखा हॉर्न वाजावा ही सूचना माझी होती, तिला टाळ्याही पडल्या. यंत्र तयार झाले तेव्हा ते दोन विटांएवढे होते. हातात धरायचे यंत्र मांडीवर घेऊन बसावे लागे. धनश्री म्हणाली, "याला आता चाकं लावा आणि पासिंग करून आणा." पहिल्या चाचणीत मी सात पंचे पस्तीस दाबले, हॉर्न वाजला, आणि बाहेर पुणे रस्त्यावर एका टेम्पोवाल्याने घाबरून बाजू दिली.

तरी मी खचलो नाही. आकृत्या जशाच्या तशा नेटवर ठेवल्या, वर माझी चार पानी प्रस्तावना जोडली. काही दिवस सामसूम. मग एके सकाळी रमीजने दाखवले: श्रीरामपूरची कोणी सुमैरा, पॉलिटेक्निकला शिकवते, तिने आमचे यंत्र घेऊन हूक काढला, टॉर्च काढला, रेडिओ काढला, हॉर्न काढला, माझी प्रस्तावनाही काढली, आणि जे उरले ते साबणाच्या वडीएवढे झाले. खाली टीप: "मूळ रचना केडगाव मंडळाची. मी फक्त वजन कमी केले."

दाजी, माझे डोके फिरले. सभा बोलावली. निषेधाचा ठराव आणतो म्हणालो. धनश्री पेन उघडून बसली आणि तिने शांतपणे विचारले, "काय लिहू? आपण दार उघडं ठेवलं आणि ती आत आली, हे?" मी उभा राहिलो आणि बोलू लागलो. सुरुवात जोरदार झाली. पण मग सवयीने माझ्या तोंडून "विचारांना कुंपण नसते" हे वाक्य गेले. (ते माझ्या प्रत्येक भाषणात असते, ते नसेल तर लोकांना चुकल्यासारखे वाटते.) एकदा ते गेल्यावर पुढचे वाक्य त्याच्या मागून गेले, तिसरे त्याच्या मागून, आणि भाषण ऐन रंगात आले तेव्हा मी सुमैराच्या बाजूने बोलत होतो. मला थांबता येईना, कारण मुद्दे चांगले होते. शेवटी मी स्वतःलाच कुंपण घालणारा म्हटले आणि टाळ्यांच्या गजरात खाली बसलो. रमीज कानाशी येऊन म्हणाला, "सर, आपण जिंकलो का हरलो?" मी म्हणालो, सुमैराचीच रचना घ्यायच्या ठरावाला अनुमोदन दे.

आता तुमच्या प्रश्नाचे उत्तर. सुमैराने यंत्र लहान केलेच, पण सगळी बटने उजव्या बाजूला आणली. मी कारण विचारले. तिने दाखवले की आमच्या आकृत्यांखाली बीडकडच्या एका बाईंनी लिहिले होते, कारखान्यावर मुलांना शिकवणाऱ्या: "इथल्या मुलींच्या कडेवर धाकटं भावंड असतं. एकच हात मोकळा असतो." आम्ही हूक, टॉर्च, रेडिओवर हात वर करत होतो तेव्हा ती ओळ तिथेच होती. आम्ही वाचली नाही, सुमैराने वाचली. म्हणून हे यंत्र एका हाताने चालते, दाजी. दुसऱ्या हाताला धाकल्याला धरता येते. कोवळ्या पोरीच्या कडेवर पोर असावे का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्यावर मी तुमच्याशी भांडणार आहे, सोडणार नाही. पण ते भांडण मिटेपर्यंत तिच्या मोकळ्या हाताला काम हवे. धनश्रीने खेळही तसाच लिहिला आहे: उत्तर बरोबर आले की उसाची मोळी गाडीत चढते, चुकले की घसरते. आवाज बारीक टिंग एवढाच. (हॉर्न ठेवावा का यावर मतदान झाले. एकच हात वर होता. मी नंतर दुसराही वर केला, पण तो धरला नाही.)

आता आकृत्या सांगलीहून, अकोल्याहून कोणी कोणी घेऊन गेले आहेत आणि आपापले बदल परत पाठवत आहेत. सगळीकडे हे यंत्र पोचेल आणि ज्यांच्यासाठी केले त्या पाथर्डीच्या पोरांकडेच नसेल, कारण त्यांचा मुकादम माझा दाजी आहे, हे मी कोणत्या तोंडाने सांगू? तेव्हा नाही म्हणू नका. अक्काला नमस्कार, म्हशीला वैरण, तुमच्या गुडघ्याला आराम.

तुमचा हट्टी मेहुणा,
कल्याण

ता. क. नुसती यंत्रे न्या असे माझे म्हणणे नाही. मलाही न्या. बटन निखळले, तार तुटली तर तळावर डाख कोण देणार? माझ्या हाताला कोयता पेलणार नाही हे मला ठाऊक आहे. पण पहाटे तुम्ही सगळे फडात गेल्यावर कोप्यांपाशी मोठे माणूस एक तरी राहील. धाकल्यांना कोण बघायचं, असे तुम्ही विचारलेत ना? मी बघीन. कडेवर घेईन. मग पोरींचे दोन्ही हात मोकळे.

ता. क. २. धनश्रीची परवानगी आहे. मी विचारून संपायच्या आत तिने पिशवी भरली होती. म्हणाली, "जा. ऊस बिचारा उठून कुठे जाणार?"

ता. क. ३. हे पत्र टपालाने आलेले नाही हे पाकिटावर तिकीट नसल्यावरून तुम्ही ओळखले असेलच. अक्काच्या हाती दिले ते मीच. आत्ता तुमच्या अंगणात जीपपाशी उभा आहे, यंत्रांचे खोके मागच्या सीटवर ठेवले आहे. तुम्ही पहिली ओळ वाचायला घेतल्यापासून मी एक अक्षर बोललेलो नाही. अक्का मला ताप आला की काय म्हणून कपाळाला हात लावून गेली असेल. हो असेल तर नुसती मान हलवा, मी चढतो. नाही असेल तर खुर्चीत नीट टेकून बसा, दाजी. हे सगळे पत्र मला तोंडपाठ आहे.