सात बाप तपासले

प्रिय कनिशाय,

तुझा निरोप दुलातने पोचवला. ट्रकमधून उतरायच्या आधीच ओरडला, "एजे, वरच्या कुरणावर कनिशायच्या सागिनची सुन्नत! मेंढा निवडून झालाय, सुन्नत करणाऱ्या उस्तालाही सांगून ठेवलंय!" त्या मेजवानीबद्दल शेवटी लिहिते. आधी तुझ्या एजेचा, थोरल्या बहिणीचा राग ऐकून घे, कारण तो ऐकल्याशिवाय पुढचं तुला पटायचं नाही. फोनच करणार होते. पण तुम्ही एकदा कुरणावर गेलात की तुमचा फोन म्हणजे नुसता आरसा. टेकडी चढून लावलास तरी स्पीकर चालू ठेवतेस आणि तुझी सासू नि जावा कान टवकारून बसतात. हे एकटीने वाच. नंतर हवं तर सगळ्यांना वाचून दाखव, मला कुणाची भीती नाही.

माझा बेकतुर चालू लागला म्हणून रीतीप्रमाणे त्याच्या पायात बांधलेली दोरी कापली तो दिवस आठवतो ना? ती कापायला शर्यतीने धावणाऱ्या पोरांना सर्वांत मोठ्याने चिथवत होतीस ती तूच. दोरी कापली, त्याने दोन-चार पावलं टाकली आणि गुडघ्यावर पडला. गवतावर पडला गं, दगडावर नाही! संध्याकाळी त्याचा गुडघा भिजवलेल्या पिठाच्या गोळ्यासारखा फुगला होता. सगळे म्हणाले दृष्ट लागली. अर्चाच्या डहाळ्या जाळून घरभर धूर केला, पोर खोकून हैराण झालं, गुडघा होता तसाच. मग हे नेहमीचंच झालं. जीभ चावली की रक्त थांबत नसे. नुसतं काखेत धरून उचललं तरी माझ्या बोटांचे निळे ठसे उठायचे. बालवाडीची बाई माझ्याकडे कशी बघायची ते तुला सांगितलं नव्हतं. शेजारीण तर सरळ म्हणाली, "जारकिन, हात जरा आवर. पोर आहे ते, गालिचा नव्हे झोडपायला." इथल्या डॉक्टरांनी खुर्चीतून न उठता निदान केलं, "नाजूक आहे. गाजर द्या."

आणि माझ्या सासूबाई! पाहुणे आले की बेकतुरला मधोमध उभा करायच्या आणि बापापासून वर सात पिढ्यांच्या सात बापांची नावं म्हणायला लावायच्या. ओठातून रक्त झिरपतंय आणि पोर शहाण्यासारखं एकेक नाव म्हणतंय. पाहुणे वाहवा करायचे आणि सासूबाई माझ्याकडे बघत म्हणायच्या, "आमचे सातही बाप स्वच्छ आहेत. ही कीड बाहेरून आली." बाहेरून म्हणजे माझ्याकडून. माझ्या लग्नाच्या वेळी दोन्हीकडचे म्हातारे टोप्या घालून बसले, सात-सात बाप मोजले, एकही नाव जुळलं नाही म्हणून खूश होऊन मटणावर तुटून पडले. मीही तेव्हा मान डोलावली होती. सात पिढ्यांत नातं नाही म्हटल्यावर मुलं धडधाकटच होणार, हे आपल्या डोक्यात दुधाबरोबरच भरलेलं असतं.

यंदा बर्फ वितळता वितळता त्याचं कोपर सुजलं आणि हात सरळ होईना. तेव्हा मी ठरवलं, कुणी सांगत नाही तर आपणच शोधायचं. गणिताची मास्तरीण आहे, वाचता येतं, रशियन येतं, आणखी काय हवं? नारिन शहराच्या ग्रंथालयात गेले. म्हटलं, आईबापांकडून मुलांत येणाऱ्या आजारांवर काही आहे का. ती पोरगी हसली, आत गेली आणि हातभर उंच गठ्ठा घेऊन आली. सगळ्या वंशावळी. या टोळीची, त्या टोळीची, सोनेरी अक्षरांची, जाड पुठ्ठ्यांची. मी म्हटलं, बाई, मला आजार हवेत. ती म्हणाली, "वंशाचं सगळं यातच असतं, एजे. आणि आपल्यात कुठे असले आजार? आपण सात बाप बघतो ना! ते दुसऱ्या लोकांत होतात." माझं डोकं असं फिरलं! तरी दिवसभर बसून चाळलं. पुरुषामागून पुरुष, पुरुषामागून पुरुष. कुणाच्या घोड्याचा रंगसुद्धा लिहिलाय. पण हे सगळे वीर जणू पावसातल्या भूछत्रांसारखे जमिनीतून उगवले. त्यांना जन्म देणारी एक बाई कुठे दिसेल तर शपथ!

मग सुट्टी काढून घाट ओलांडला आणि राजधानीत गेले, डॉक्टर लोकांच्या ग्रंथालयात. तिथे वाचनालयाच्या दारात राईसा पेत्रोव्ना नावाच्या मुख्य बाई. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "कोणत्या संस्थेकडून?" मी म्हटलं, बेकतुरकडून. त्यांना विनोद आवडला नाही. म्हणाल्या, "इथे फक्त डॉक्टर आणि विद्यार्थी. तुम्ही लोक अर्धवट वाचता आणि घाबरता." मी म्हटलं, बाई, मी न वाचताच इतकी वर्षं घाबरतेय, आता वाचून घाबरून बघू दे की! त्या ढिम्म. मग मीही उंबरठ्यात फतकल मारली. पुस्तकं कपाटात बंद ठेवायची आणि ज्याच्या घरात रक्त वाहतंय त्याला दारात अडवायचं, ही कुठली रीत? एक प्राध्यापक मला ओलांडताना अडखळले आणि त्यांची टोपी पडली. तेव्हा कुठे राईसा पेत्रोव्ना म्हणाल्या, "या एकदाच्या आत. पण पुस्तकावर रडायचं नाही. पानं जुनी आहेत."

रडते कसली? रागावण्यातच वेळ गेला. कार्डांचे लाकडी खण उघडले. आनुवंशिकतेच्या खणात जुनी कार्डं म्हणायला आहेत, झालं. आपल्या आजोबांच्या काळात सरकारातल्या वरच्यांनी ठरवून टाकलं होतं की हे शास्त्रच खोटं आहे. शिकवणाऱ्यांना घरी बसवलं, काहींना त्याहून वाईट. पुढची कार्डं बघितली तर गहू आणि मेंढ्या. मेंढ्यांवर तर कपाटभर पुस्तकं! मऊ लोकर कोणत्या मेंढीकडून आली, तिची आई कोण, आईची आई कोण, सगळं आखून, तक्ते करून. मेंढीची पणजी आपल्याला ठाऊक आहे, कनिशाय, आणि बेकतुरची पणजी? मी इतक्या जोरात खण ढकलला की राईसा पेत्रोव्ना उठून आल्या. त्या ओरडतील असं वाटलं. पण त्यांनी विचारलं, "मुलाला होतं काय नेमकं?" मी सांगितलं. म्हणाल्या, "मग वंशाच्या खणात कशाला डोकं आपटताय? रक्ताच्या खणात बघा. लहान मुलांच्या." एवढं बोलून पुन्हा आपल्या जागी जाऊन बसल्या. हे दारातच सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

रक्ताच्या खणातून एक पुस्तक मिळालं. त्याच्या मागच्या पानांवर दुसऱ्या पुस्तकांची नावं, त्यातून एक जाडजूड मिळालं, आणि त्यात ते चित्र होतं. तीही वंशावळच, पण आपल्यासारखी नव्हे. पुरुष म्हणजे चौकोन, बायका म्हणजे गोल. आजारी मुलांचे चौकोन काळे, आणि त्यांच्या आयांचे गोल अर्धे काळे. खाली लिहिलं होतं, रक्त न गोठण्याचा हा आजार बहुतेक मुलग्यांतच दिसतो, आणि बहुतेक वेळा तो आईकडून येतो. आई स्वतः ठणठणीत असते, तिला पत्ताही नसतो. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. त्याचं नाव कागदावर उतरवून बेकतुरला मुलांच्या रक्ताच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. तपासणीत तेच निघालं, हिमोफिलिया. त्यावर इंजेक्शनं आहेत. कोपर आता थोडं सरळ होतंय.

मला सर्वांत जास्त राग कशाचा आला सांगू? सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं निघालं याचा! आलं ते माझ्याकडूनच. पण कीड म्हणजे काय? मी ते बाजारातून आणलं का? डोळ्यांचा रंग येतो तसं तेही आलं. आणि तुमच्या लाडक्या सात बापांना जन्मभर तपासत बसलात तरी ते सापडलं नसतं, कारण ते त्या वाटेने आलंच नव्हतं. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. माझा नवरा मिर्बेक आईजवळून उठून माझ्या बाजूला येऊन बसला. सासूबाईंनी चहा ओतला आणि बराच वेळ वाटी माझ्याकडे सरकवलीच नाही. शेवटी सरकवली.

मग मी आपल्या आईकडे, आपाकडे गेले. पिठाचे बोरसोक तळत होती. चित्र काढून दाखवलं, चौकोन, गोल, सगळं. म्हटलं, आपा, तुझ्या आईचं बुरुलचा हे नाव मला माहीत आहे, तिच्या आईचं सांग. आपा झारा हातात धरून उभी राहिली. म्हणाली, "तिला सगळे थोरली म्हणायचे. नाव मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही." मग मी आपाच्या भावांबद्दल विचारलं. "मिटलेलं उकरू नकोस," म्हणाली. तेलात बोरसोक काळे पडले तरी तिचं लक्ष नव्हतं. आणि मग बोलली. तिला ओरोझ नावाचा धाकटा भाऊ होता. आपल्याला लहानपणी सांगायचे ना, कुणा वाईट हाताच्या उस्तामुळे आपाचा भाऊ गेला? तोच. वरच्या कुरणावरच सुन्नत केली आणि रक्त थांबलंच नाही. राख लावली, नमदा जाळून दाबला, मुल्लाला आणलं. तीन दिवस तो आपाच्या मांडीवर होता. गावाने त्या उस्ताला दगड मारून हाकललं. त्या बिचाऱ्याने शेकडो मुलांची सुन्नत केली होती, आणि तो म्हातारपणी परमुलखात खुनी म्हणवून घेत मेला. त्याचा दोष नव्हता, कनिशाय. कुणाचाच नव्हता. आणि एवढं होऊन कुणी म्हटलं नाही, की या मुलाच्या बहिणीला उद्या मुली होतील, त्या मुलींना मुलगे होतील, तिला हे सांगून ठेवा. सांगणार कसे? त्यांच्या मते बाईमधून काही येतच नाही, ना नाव, ना रक्त.

म्हणून हे पत्र. जे आपाकडून माझ्यात आलं ते तुझ्यातही असू शकतं. असेलच असं नाही. जितकी शक्यता असण्याची, तितकीच नसण्याची. पण गेल्या हिवाळ्यात तू हसत म्हणाली होतीस, "एजे, आमचा सागिन अगदी तुझ्या बेकतुरवर गेलाय, नडग्या बघ, सगळ्या निळ्या!" तेव्हा मीही हसले होते. आता ते आठवलं की अंगावर काटा येतो. मेंढा कापा, घोडीच्या दुधाचं कुमिस प्या, शर्यती लावा. उस्ता आला तर त्याला मानाच्या जागी बसवून चहा पाज आणि तसाच परत पाठव. सागिनच्या अंगाला सुरी लागू देऊ नकोस. सासू नाही म्हणाली, नवरा नाही म्हणाला, पाहुणे हसले, तरी नाही. रक्त तपासून सगळं ठीक निघालं तर सुन्नत शरदात करू, मेंढा मी देईन. काही निघालंच तर तीही औषध देऊन इस्पितळात होते, मी विचारून आलेय. तू वाचून होईपर्यंत दुलात खालीच थांबणार आहे, त्याला तसं बजावलंय. त्याच्याच ट्रकमध्ये सागिनला घेऊन बस. आपा फाट्यावर येऊन उभी राहणार म्हणते. ओरोझला कुणी खाली आणलं नव्हतं.

तुझीच एजे,
जारकिन
साइराकानची लेक, बुरुलचाची नात, आणि जिचं नाव कुणी ठेवलं नाही त्या थोरलीची पणती