नऊ इंची भिंत

मंगळवार, १२ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. तू आणि वहिनी मजेत असाल. आम्हीही मजेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

फोन तू उचलत नाहीस, मेसेज उघडत नाहीस, म्हणून ही चिठ्ठी. आमच्याकडे रंगाचं काम करणारे काका सध्या दुपारनंतर तुझ्या साइटवर असतात, हे परवा बोलता बोलता कळलं. त्यांच्याच हाती पाठवतोय. पाकिटावर पांढरा डाग असला तर तो प्रायमरचा समज.

आमच्या स्वयंपाकघराचं काम काढलंय. ठेकेदार म्हणाला होता, तीन आठवडे. आज अकरावा चाललाय. ओटा फोडला, नळ काढले, खिडकीची चौकट उपटली आणि गडी दुसऱ्या कामावर गेला तो गेलाच. फोन केला की म्हणतो, "साहेब, उद्या माणसं पाठवतो." कुठल्या उद्या, ते विचारायचं नाही. शेगडी बाहेरच्या खोलीत ट्रंकेवर आहे, भांडी बाथरूममध्ये उकिडवं बसून घासायची. फ्रिज दारातच, त्यामुळे घरात शिरायचं तर तिरकं व्हावं लागतं. चौघंही एकाच खोलीत जेवतो, झोपतो, भांडतो.

चौघं म्हणजे आम्ही दोघं आणि मुलं. ठमीला तीन पूर्ण होतील. तू शेवटचा आलास तेव्हा ती पोटात होती. धाकट्याला तू पाहिलेलंच नाहीस. सव्वा वर्षाचा आहे, अंगाने असा की सगळे बंब म्हणतात. वाळू खातो. बाकी काही खायला दिलं की तोंड फिरवतो.

आणि एवढ्यात भागत नव्हतं म्हणून घरात कुत्र्याचं पिल्लूही आलंय. आमचं नाही. प्राण्यांच्या आश्रमात जागा नव्हती, घर मिळेपर्यंत दोन आठवडे सांभाळाल का, असं हिच्या मैत्रिणीने विचारलं. ही हो म्हणाली. मला विचारलं नाही असं नाही, मी पेपर वाचत होतो तेव्हा विचारलं. त्याला दोन महिने झाले. नाव पाहुण्या. पाहुण्याने आतापर्यंत माझी एक चप्पल, ठेकेदाराच्या ओळंब्याचा दोरा आणि विम्याच्या कागदांची फाइल खाल्ली. ठमी त्याच्या वाडग्यात पाणी पिते, तो तिच्या ताटात जेवतो. ही म्हणते, होईल सगळं नीट. मी म्हणतो, कधी? मग मुलं ऐकत असतात म्हणून दोघंही आपापल्या कामाला लागतो.

काळाकुळकुळीत आहे तो. आणि रोज सकाळी उठतो तेव्हा पाठीवर पांढरी भुकटी असते. ठमीला वाटतं, अंघोळीनंतर तिला लावतो तशी आम्ही त्याला पावडर लावतो.

आपल्या दोघांचं काय बिनसलं, ते आता उगाळत नाही. तू बाथरूमच्या फरशा अर्धवट टाकून गेलास, मी दुसऱ्याकडून पुऱ्या करून घेतल्या. दोघांचंही चुकलं असेल.

जाता जाता एक विचारायचं होतं, सहजच. उन्हाळा लागला की स्लॅबला बारीक तडे जातात ना? जुनं घर आहे, चालायचंच. पुट्टी भरली की झालं. तुला वेळ मिळाला तर काकांपाशी एका शब्दात सांगून ठेव.

वहिनीला नमस्कार.

तुझा,
धाकटा


गुरुवार, १४ मार्च

दादा,

काकांनी सकाळी सांगितलं. तू साइटवर उभ्या उभ्या चिठ्ठी वाचलीस, घडी करून खिशात घातलीस आणि एवढंच विचारलंस, "भिंत कुठली पाडली?"

मी भिंतीचं एक अक्षर लिहिलं नव्हतं.

आता सांगतो. बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर यांच्या मधली. तीच, घर घेताना जिच्यावर तू थाप मारून म्हणाला होतास, "ही नऊ इंची आहे. हिच्यावर स्लॅब बसलाय. बाकी घरात काय हवं ते कर, हिला हात लावू नकोस."

ठेकेदारानेही हात लावला नव्हता. "कोणाला तरी दाखवून घ्या," म्हणाला आणि तेवढं निमित्त करून पसार झाला. पण हिला ती भिंत नको होती. दिवसभर ही घरात दोन मुलांबरोबर एकटी असते. आत गेली की बाहेर काहीतरी धाडकन पडतं, बाहेर आली की आत दूध उतू जातं. "मला फक्त मुलं दिसायला हवीत," एवढंच तिचं म्हणणं होतं. मी हो म्हटलं होतं.

मागच्या महिन्यात एका रविवारी ही मुलांना घेऊन बहिणीकडे गेली. मी ठेकेदाराला पाच फोन केले. पाचव्याला त्याने कट केला. त्याचा घण कोपऱ्यात पडला होता. ऑफिसात आठवडाभर माणसं माझ्या फायली परत पाठवतात, हे जोडा, ते जोडा. घरी आलो की कुठलीच गोष्ट पुरी झालेली नसते. म्हटलं, एक तरी काम आज माझ्या हातून पुरं होऊ दे. उचलला घण.

खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं. सहा फूट भिंत दुपारपर्यंत खाली आली. मग वरून आवाज आला. मोठा नव्हता, सुकी काठी मोडावी तसा. वर पाहिलं तर उरलेल्या भिंतीच्या टोकापासून खोलीच्या मधोमध एक रेघ गेली होती. पेन्सिलीने मारावी तशी.

मी घण ठेवला, डबर पोत्यांत भरलं, खोली झाडून घेतली. संध्याकाळी ही आली. दारातच थांबली. स्वयंपाकघरातला उजेड बाहेरच्या खोलीपर्यंत आला होता. "तू केलंस हे?" म्हणाली आणि हसली. किती महिन्यांनी हसली, दादा. त्या वेळी मला वर बोट दाखवता आलं नाही. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. मग तिसऱ्या.

तेव्हापासून तीनदा पुट्टी भरली, हिला सांगितलं रंगाआधीची तयारी आहे. तीनदा उघडली. आता त्या रेघेत नखाचं टोक जातं. भुकटी पडते ती पाहुण्याच्या पाठीवर, कारण तो बरोबर तिच्याखाली झोपतो. मुलांच्या गाद्या मी खिडकीकडे सरकवल्या, इथे वारा लागतो असं सांगून. गच्चीवरची पाण्याची टाकी नेमकी त्या भिंतीच्या वर येते, म्हणून मी ती पाव भरूनच बंद करतो. रोज अंघोळीत पाणी जातं आणि ही साबणाच्या अंगाने माझ्यावर ओरडते. मी सांगतो, पंप बिघडलाय. काल ती पंपवाल्याला बोलवायला निघाली, तर त्यावरून मीच तिच्यावर खेकसलो. बंब रडायला लागला.

रोज सकाळी त्या तिघांना आणि त्या पिल्लाला तिथे ठेवून मी ऑफिसला जातो. दिवसभर फोन वाजला की आधी घरचा नंबर आहे का ते बघतो.

दुसऱ्या कोणाला बोलवावं तर पहिला प्रश्न येणार, पाडायच्या आधी विचारलं नाहीत का. तुझ्याशिवाय कोणाला विचारणार होतो, आणि तुला कुठल्या तोंडाने?

काका दुपारी निघतील तेव्हा हे नेतील. मी आज ऑफिसात जातोय. हिला अजून सांगितलेलं नाही.

धाकटा


रविवार, २४ मार्च

दादा,

ही चिठ्ठी तुला उद्या सकाळी काका देतील, तू लोखंडी गर्डर बसवायला इथे यायच्या आधी. समोरासमोर मला हे बोलता येणार नाही.

त्या गुरुवारी काय झालं ते मला हिच्याकडूनच कळलं. काका निघून दीड तासही झाला नव्हता. बेल वाजली, दारात तू. बाहेर टेम्पो, टेम्पोत लोखंडी टेकू. ही पाणी आणायला वळली तर तू म्हणालास, "पाणी नंतर. मुलांना घेऊन आधी बाहेर व्हा." ती गोंधळलेली पाहून तूच एका काखेत बंबला उचललंस, दुसऱ्या काखेत पाहुण्याला. अनोळखी माणसाकडे बंब कधी जात नाही. तुझ्याकडे रडला नाही म्हणाली. बहुतेक तुझ्या हाताला वाळू होती म्हणून.

मग तिने मला ऑफिसात फोन केला. "तुझे दादा आलेत. काय झालंय विचारलं तर काही बोलत नाहीत, नुसतं वर बोट दाखवलं." मग म्हणाली, "तुला माहीत होतं?"

मी पोचलो तेव्हा तू निघून गेला होतास. नऊ टेकू ओळीने उभे होते, वर जाड फळी. टाकी रिकामी केलेली. आणि भिंतीच्या उरलेल्या तुकड्यावर पेन्सिलीने लिहिलेलं, "काढू नये." तुझा 'ढ' अजून शाळेतल्यासारखाच आहे.

ही फुटपाथवर बसली होती, ठमी मांडीवर. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "भिंत पाडलीस ते मी समजू शकते. मीच मागे लागले होते. पण गाद्या सरकवल्यास आणि मला सांगितलं नाहीस. तुला कळत होतं, तरी रोज डबा घेऊन जात राहिलास."

ती मुलांना घेऊन बहिणीकडे राहतेय. मी रोज ऑफिसातून तिकडे जाऊन परत इथे येतो. बोलणं होतं, मुलांपुरतं. परवा पाहुण्याला घर मिळालं. एक निवृत्त नर्सबाई आहेत, एकट्याच राहतात, अंगण आहे. ठमीने त्याला हात हलवून टाटा केला आणि आईला विचारलं, "आपल्याला कधी मिळणार घर?" ही माझ्याकडे बघत होती. "गर्डर बसला की," म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने येण्याबद्दल काही म्हटलं.

तू तिच्याशी फोनवर बोलतोस, हे मला कळलंय. "नवऱ्याला सांगा, इंजिनिअर बाई मंगळवारी येतील, घरी थांबायला सांगा." "नवऱ्याला सांगा, तो कोपरा मोकळा करून ठेवा." नवऱ्याने दोन्ही केलं. बाईंनी मापं घेतली. म्हणाल्या, गर्डर घातला की घर वाचेल. मग विचारलं, "टेकू कोणी लावले? वेळेवर लावले."

त्यांनी विचारलं, कोणी लावले, आणि मी म्हणालो, "माझ्या मोठ्या भावाने." एवढं साधं होतं ते. रात्रंदिवस तेच डोक्यात आहे.

पहिल्या चिठ्ठीत मी लिहिलं, तू फरशा अर्धवट टाकून गेलास. तुझ्या-माझ्याशिवाय कोणाला खरं माहीत नव्हतं. हिलासुद्धा काल सांगितलं.

घर घेतल्यावर मी ऑफिसातल्या लोकांना जेवायला बोलावलं होतं. तुझं काम सकाळीच संपायचं होतं, पण कोपऱ्यातल्या फरशा तुला पसंत पडेनात म्हणून तू उखडून पुन्हा बसवत होतास. साहेब हात धुवायला आत आले. तू गुडघ्यांवर, डोक्याला रुमाल, कोपरापर्यंत सिमेंट. साहेबांनी विचारलं, "हे कोण?"

मी म्हणालो, "हे फरशीचं काम करतात."

करतात, म्हणालो. जन्मभर तुला अरे-तुरे केलं. तू मला सायकलवरून शाळेत सोडायचास, शेवटची दोन वर्षं राहिली असताना माझ्या फीसाठी स्वतःची शाळा सोडून कामाला गेलास, तेव्हाही अरे दादाच म्हटलं. पहिल्यांदा अहो-जाहो केलं ते त्या दिवशी, तू माझा कोणी नाहीस हे दाखवायला.

तू मान वर केली नाहीस. हातातली फरशी सरळ बसवलीस, थोपटलीस. साहेब गेल्यावर थापी धुतलीस, पिशवी उचललीस आणि मागच्या दाराने गेलास. पुढच्या खोलीत पाहुणे होते म्हणून मागच्या दाराने. तेवढ्यातही माझी लाज राखलीस. आणि मी तीन वर्षं सगळ्यांना सांगत फिरलो, भाऊ तापट आहे, काम टाकून गेला.

माफ कर असं लिहून खोडलं. चिठ्ठीत तो शब्द फार स्वस्त पडतो.

उद्या मी रजा घेतली आहे, परवाही. घमेली उचलीन, सिमेंट कालवीन, सांगशील ते करीन. माझ्याशी बोललंच पाहिजेस असं नाही. लागलं तर भिंतीकडे बघून सांग, मी ऐकेन. दुपारी ही मुलांना घेऊन येणार आहे, तुला नीट भेटायला. ऑफिसातले दोघंतिघं येतो म्हणालेत, काम बघायला. मी त्यांना नको म्हटलेलं नाही.

पुढचं दार उघडं ठेवतो. तिथूनच ये.

तुझा सख्खा भाऊ