पणजोबांच्या मरणाचं साल

ती. आर्लीसताईस,

धाकट्या व्हर्नाचा वाकून नमस्कार (गुडघ्यामुळे मनातल्या मनात). तुझ्या ॲरिझोनात ऊन भरपूर, तेव्हा तब्येत उत्तमच असणार. इथे आयोवात मका गुडघ्याला लागलाय आणि माणसं अजून पावसाबद्दलच बोलतायत.

जुलैत सगळे टोलेफसन जमणार, आणि जेवणानंतर वाचायला पणजोबा हॅलवर यांच्यावर दोन पानं लिहायचं काम आपल्या ड्यूएनदादाने माझ्या गळ्यात मारलं. गोष्ट तुला पाठ आहे : १८८८चं हिमवादळ, पणजोबा गाईंना चारा घालायला गेले, गोठ्यापर्यंत बांधलेला दोर तुटला, संपलं. पणजी गुरीनाने तसंच सांगितलं आणि कबरीच्या दगडावर कोरून घेतलं. दर मे महिन्यात आपण तिथे कॉफीच्या डब्यात पिओनीची फुलं ठेवतो. (शेजारीच दादाने आपल्या सगळ्यांचे दगड आगाऊ करून घेतलेत, नाव, जन्मसाल, पुढे मोकळी जागा. मला तिथून जाताना अंगावर काटा येतो.)

तारीख बघावी म्हणून आपल्या चर्चची वही चाळली, तर दफनाची नोंदच नाही. आणि तेव्हा, ताई, मला सत्तराव्या वर्षी सुचलं की आपले आजोबा सेल्मर जन्मले १८९१ला. म्हणजे वडील वारल्यावर तीन वर्षांनी. एवढ्या वर्षांत हे कोणीच मोजलं नाही. आपल्या घरात गणित फक्त मक्याच्या हिशेबापुरतं.

शेवटी मी रस्ता ओलांडला. हो, त्याच चर्चमध्ये. (स्वर्गात कोण जाणार याची यादी देव माणसाच्या जन्माआधी करतो की नंतर, यावरून पणजोबांच्या काळी भांडून काहींनी आपल्या चर्चसमोरच दुसरं बांधलं, आणि आपला चुलतभाऊ लाइल, त्याच्या मुलीने तिकडे लग्न केलं तर दादाने फोनच्या वहीतून तिचं नाव खोडलं.) वही सांभाळतो तो एयनार, विधुर, म्हणाला, ‘‘कॉफी घ्या.’’ मी रीतीप्रमाणे दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा घेतली. मग त्याने बोट ठेवलं : हॅलवर टोलेफसन, वादळानंतरच्याच महिन्यात या चर्चमध्ये दाखल. पुढे सेल्मरचा बाप्तिस्मा. मृत्यू १९१९.

‘‘तुमच्या पणजीने त्यांना मेलेलं ठरवलं, एवढंच,’’ एयनार म्हणाला. ‘‘राहायचे मात्र एकाच घरात. जेवणही तीच वाढायची.’’ त्यांची खरी कबर तिथून दिसते. आपल्या पिओनींकडे तोंड करून. मला हसू आलं, आणि मग त्या माणसाची फार कीव आली. एकतीस वर्षं दर रविवारी बायकोसोबत गाडीतून यायचं आणि दारात दोन दिशांना जायचं.

आता दोन पानांत काय लिहू? खरं लिहिलं तर दादा पहिल्या पानालाच उठून जाईल. तू मोठी, तुझं तो ऐकतो. त्याला फोन करून सांग, म्हाताऱ्याने फक्त रस्ता ओलांडला होता, त्यात कोणी मरत नाही.

तुझी
व्हर्ना

ता. क. : हे सांगताना आवाज मऊ ठेव. कारण वही एका दिवसात वाचून झाली होती, तरी मी गेले अकरा रविवार तिकडेच जातेय.

पुन्हा ता. क. : एयनार कॉफी विचारतो तेव्हा मी आता पहिल्याच वेळी हो म्हणते. लग्न ऑक्टोबरात, मका काढून झाल्यावर.

शेवटचं : दादाला एवढं नक्की सांग, माझ्या दगडावर यंदाचं साल कोरायची घाई करू नकोस.