न वाचायच्या चिठ्ठ्या

बुधवार, १४ तारीख

चि. छोट्यास अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा तसाच, कुरकुरही तशीच. तुझी बदलाची कार्यशाळा होऊन तीन आठवडे झाले, पण वजनकाट्यांच्या आमच्या कारखान्यात अजून तू दिलेल्या नावांनीच हाका चालतात. रंगकामवाला बुटका 'योद्धा', कँटीनवाली 'जादूगार'. मला तू 'माता' ठरवलंस, आदिबंध म्हणे, म्हणजे सगळ्यांच्या मनात मुळापासून असलेला साचा. बिनलग्नाच्या बाईला ही बढती बरी!

सावलीचा तास मात्र मला खरंच पटला होता. "माणसाला असते तशी संस्थेलाही सावली असते. जे कुणी बोलत नाही, ते नेणिवेत साठत जातं," असं तू म्हणालास. मग प्रत्येकाने आपली न बोललेली गोष्ट बिननावाने चिठ्ठीवर लिहायची, पेटीत टाकायची, आणि पेटी न उघडता जाळायची. लोक बिचकत होते. मी म्हटलं, "लिहा रे, माझा भाऊ आहे तो." तेव्हा कुठे पेनं हलली.

पेटी तू जाळली नाहीस. साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलीस.

गेल्या आठवड्यात साहेबांनी मला बोलावून एक चिठ्ठी पुढे केली. 'शुक्रवारी काटे न तपासताच शिक्के मारायला लावतात.' एकोणीस वर्षं मी सगळ्यांचे कामाचे तक्ते वाचते, मला अक्षरावरून माणूस ओळखता येतो, हे त्यांना ठाऊक. म्हणाले, "कुणाचं आहे?"

त्याच संध्याकाळी मी तुला फोन केला. तू म्हणालास, "ताई, फार मनाला लावून घेतेस. संस्थेला स्वतःची सावली बघू दे की." अरे, साहेबांनी सावली कुठे बघितली? त्यांना माणूस हवा होता.

तो मीच दिला. फोनवर हे तुला सांगितलं नव्हतं. तपासनीसाचं नाव मी इतक्या चटकन घेतलं की माझी मलाच लाज वाटते. साहेब त्याला शाबासकी देतील असं वाटलं, हे आईला सांगितलं, ते खोटं. साहेब तुला पुढची कार्यशाळा देणार होते, ते काम हातचं जाऊ नये म्हणून बोलले. दुसऱ्या दिवशी त्याला गेटवरूनच परत पाठवलं. सात वर्षं तो माझ्या शेजारी बसून डबा खात होता.

काल साहेबांनी आणखी अकरा चिठ्ठ्या सरकवल्या. मी म्हटलं, "सगळ्या माझ्याच."

"अकरा तऱ्हेची अक्षरं?"

"माता ना मी! लेकरांचं ते माझंच."

मी चिठ्ठ्या उचलल्या, पिशवीत कोंबल्या आणि दार आपटून बाहेर पडले. नोकरी जाईल. जाऊ दे, मी काही कुणाच्या मेहेरबानीवर जगत नाही.

सोमवारी पाळी सुरू होण्याआधी मी गेटपाशी सगळ्यांसमोर उभी राहणार आहे. तपासनीसालाही बोलावलंय. पेटी कुणी दिली आणि नाव कुणी सांगितलं, दोन्ही सांगेन. त्याला परत घेईपर्यंत मी आत पाऊल टाकणार नाही. तू आलास तर तुझं तू बोल. नाही आलास तर तुझंही मी बोलेन, आणि भाऊ म्हणून एक शब्द गाळणार नाही.

आई विचारत होती, तू जेवायला कधी येतोस. तिला सगळं सांगितलंय. ती म्हणाली, आधी त्याला गेटवर जाऊन येऊ दे.

तुझी,
अजून तरी,
ताई