व्याह्यांची बाटली

९ फेब्रुवारी, रविवार

आले एकदाचे! सोनम, जावई आणि सोनमचे सासरे अन्सेल्मो — स्पेनहून थेट आमच्या मळ्यात. ह्यांनी व्याह्यांच्या खांद्यावर घोंगडी टाकली, कपाळाला भंडारा लावला. आणि त्यांनी पिशवीतून काय काढावं? बाटली! घरच्या द्राक्षांची पांढरी वाइन — गोदेयो म्हणे. आम्हीही द्राक्षवालेच, पण ही जात कधी ऐकली नव्हती.

ह्यांची दारू सुटून चार वर्षं झाली. मिलिटरीतून आले ते रमची सवय घेऊनच; पुढं काय काय भोगलं ते मलाच ठाऊक. सोनमनं सासरी यातलं काही सांगितलेलं नाही, बापाची लाज राखली पोरीनं. मी बाटली उचलली आणि तांदळाच्या डब्यात खुपसली.

१० फेब्रुवारी

बागेत तोड चालू. व्याही एकेक घड हातात घेऊन बघतात, मणी तोंडात टाकून मान डोलावतात. एकमेकांची भाषा नाही, पण दोघांचं बरं जमलंय.

दुपारी ह्यांनी विचारलंच. "बाटली कुठं ठिवलीस?"

"कशाला?"

"आगं, यवढ्या लांबनं आणलीया. फोडली न्हाई तर मानूस काय म्हनंल?"

पूर्वी ह्याच गोड आवाजात 'एकच घेतो' म्हणायचे.

११ फेब्रुवारी

दिवसभर जीव त्या डब्यात. भाजीत मीठ दोनदा पडलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पाहुणे उद्या निघणार. मटण केलं. शेवटी बाटली काढून दिली. जावयानं स्टीलच्या पेल्यांत ओतली — एक त्याच्या वडिलांपुढं, एक ह्यांच्यापुढं. ह्यांचा हात पुढं गेला मात्र, मी तो पेला उचलला आणि तोंडाला लावला! व्याह्यांसमोर!

"आगं बया, हिला काय झालं!" सासूबाई ओरडल्या.

पहिला घोट — आंबट! गोडी भरायच्या आधीच माल तोडला की काय, असं वाटलं. दुसऱ्याला मोसंबीच्या सालीसारखा वास आला. मागून जराशी खारट. रमच्या वासानं मला मळमळतं, हिचं तसं नाही. खोटं कशाला लिहू — आवडली! पेला संपवला. आणखी घ्यावीशी वाटली, तेव्हा मात्र चपापले. हे असं असतं होय? ह्यांची फार दया आली.

मग बघते तर व्याह्यांचा पेला तसाच भरलेला. सोनम हळूच म्हणाली, "आई, ते पीत नाहीत. लय प्यायचे, म्हणून सोडली. आता चव बघून थुंकतात फक्त."

ह्यांनी ऐकलं. मग म्हणाले, "सोनम, त्यांना सांग. म्या बी सोडलीया म्हनावं. चार वरसं झाली."

तिनं सांगितलं. व्याही उठले आणि ह्यांना मिठीच मारली. मला रडू आवरेना.

१३ फेब्रुवारी

पाहुणे गेले. हे म्हणाले, "म्या पिनार नव्हतो गं. नुसता धरून बसनार व्हतो."

खरं असेल. मला अजून माहीत नाही.

२ मार्च, रविवार

व्याह्यांचा फोन आला, मधे सोनम मराठीत सांगत होती. सप्टेंबरात त्यांच्याकडं तोड असते, ह्यांना महिनाभर बोलावलंय. घराखालीच वाइनची पिंपं! हे माझ्याकडं बघत राहिले. मी म्हणाले, "जावा. एकटंच जावा."