बारावी कॅसेट

आदिलाबाद,
ता. ११ एप्रिल १९९९

प्रिय सोना,

हे पत्र पोळ्या लाटता लाटता वाचू नकोस. उत्तमराव दुकानात गेले की दार लोटून घे आणि बसून वाच. आपल्या वेणूबद्दल आहे, आणि तुझ्या भावाबद्दल, भगवंताबद्दलही आहे. रेणुकाचं पत्र म्हणजे नमनालाच घडाभर तेल, असं तू नेहमी म्हणतेस. आजही तसंच होणार, कारण जे सांगायचं आहे तिथपर्यंत जायला पाऊल उचलत नाही.

आधी इकडचं सांगते. आमचे हे बरे आहेत, म्हणजे दिवसभर कुरकुरतात पण जेवतात. गल्लीत केबल आल्यापासून व्हिडिओ लायब्ररीची पाटी तेवढी उरली आहे. पूर्वी तीन भिंती भरून कॅसेटा होत्या, आता एका फळीवर मावतात, आणि बाकीच्या फळ्यांवर मी पापडाचे डबे ठेवते. किनवटला गेल्यावर तुम्ही सोडलेल्या घरात सध्या तेलुगू मास्तर राहतात. बायको चांगली आहे, रोज सकाळी दारात सडा घालून हातभर मोठी मुग्गू काढते, आपल्या रांगोळीपेक्षा देखणी. तिच्याशी मला हसता येतं, पण भांडण्याइतकं तेलुगू येत नाही, आणि भांडता येत नाही तो शेजार कसला? तुझ्याशी मी नळाच्या पाण्यावरून जेवढं भांडले, तेवढं सख्ख्या जावेशीही भांडले नाही.

पंच्याऐंशीच्या दिवाळीत ह्यांनी हैदराबादेहून ती जपानी कॅसेट आणली होती, आठवतं? ठोक दुकानदाराने हिंदी सिनेमांबरोबर गळ्यात मारलेली. लोखंडाचा ताडाएवढा माणूस, त्याच्या छातीत दार, आणि दारातून आत बसून त्याला चालवणारं दहा-अकरा वर्षांचं पोरगं. बारा कॅसेटांची मालिका होती, एकेक करून निघायची आणि महिना-सव्वा महिन्याने बसच्या पार्सलातून आपल्याकडे पोचायची. बोलणं जपानी, खाली इंग्रजी अक्षरं भराभर पळायची. ती वाचणारं आपल्या गल्लीत होतं कोण? मग रविवारी सकाळी आमच्या पुढच्या खोलीत टीव्हीशेजारी उभी राहून मीच गोष्ट सांगायला लागले. त्या लोखंडी माणसाचं नाव मी लोखंड्या ठेवलं आणि पोराचं बाळ्या. कोण कोणाची मावशी, कोणाचं कोणाशी वैर, सगळं माझ्या मनचं. शेजारच्या जयवंताबाई भाजी निवडायची सोडून यायच्या आणि बाळ्याच्या सावत्र आईला शिव्या घालायच्या. ती सावत्र होती हेही मीच ठरवलं होतं.

पण ती मालिका खरी पाहिली ती तुझ्या लेकीने, वेणूने. भगवंता रविवारी तामसीहून पहिल्या बसने यायचा आणि तिला खांद्यावर बसवून तुझ्या दारातून माझ्या दारात आणायचा. चार घरांचं अंतर, पण तेवढंही तिला चालवत नव्हतं. ओठ निळे पडलेले, पावलं सुजलेली, आणि तोंडाने मात्र "उठ ना रे लोखंड्या, काऊन पडून राह्यला!" नागपूरच्या डॉक्टरांनी तुला आणि भगवंताला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हृदयाच्या झडपा पार गेल्या आहेत, आहेत तितके दिवस आनंदात ठेवा. हे तू मला न्हाणीघरात पाण्याचा नळ मोठा करून सांगितलंस, तिला ऐकू जाऊ नये म्हणून. त्या दिवसापासून मी गोष्ट जास्त रंगवून सांगायला लागले. पोरगी मात्र माझ्या वरताण. एकदा पडद्यावर बाळ्याची आई तोंड फिरवून रडत होती आणि मी सांगत होते की तिला सर्दी झाली आहे. वेणू सगळ्यांदेखत म्हणाली, "काकू, तुमी खोटं सांगून राह्यल्या." त्यानंतर तिच्यासमोर चित्रात नसलेलं सांगायची माझी हिंमत झाली नाही.

आता आमच्या दुकानाची एक रीत सांगते. तिच्यामुळेच सगळं झालं. ह्यांचा नियम होता की शेवटची नावं सुरू झाली की यंत्र बंद करायचं आणि कॅसेट लगेच मागे गुंडाळायची. यंत्राचं हेड झिजतं, वीज जाते, पुढचं गिऱ्हाईक दारात उभं असतं. आपल्या सिनेमात नावं आधीच येऊन जातात, शेवटी 'समाप्त' आलं की लोक चपला शोधायला लागतात. त्यापुढे काही असतं हे कोणाच्या मनातही आलं नाही. त्या जपानी मालिकेचा प्रत्येक भाग आम्ही तसाच बंद केला. अकरा कॅसेटा झाल्या. अकरावीच्या शेवटी लोखंड्या समुद्रात कोसळला आणि वेणूने मला विचारलं, बारावी कधी?

बारावी सत्याऐंशीच्या जानेवारीत आली. पार्सल मीच उतरवून घेतलं. हे नागपूरला गेले होते. काय सांगायचं त्याची तयारी करावी म्हणून दुपारी दार लावून मी एकटीने ती पाहिली. समुद्रातून लोखंड्याला वर काढतात, छातीचं दार कापतात, आत बाळ्या. डोळे मिटलेले, मान एका बाजूला. आई त्याचं डोकं मांडीवर घेते. मग गाणं सुरू होतं आणि अंधारात पांढरी नावं वर सरकायला लागतात. मी उठले, बटण दाबलं, कॅसेट मागे गुंडाळली आणि तिथेच फरशीवर बसून रडले. हे मी वेणूला दाखवू? जिच्या आईने नळ मोठा करून रडायचं, त्या पोरीला? मी ती कॅसेट ज्वारीच्या कोठीत खोल खुपसली. होय सोना, बारावी कॅसेट आली होती. तू, वेणू, भगवंता, सगळे वाट पाहत होतात तेव्हा ती माझ्या ज्वारीत होती.

एकोणीस दिवस मी तुमच्या तोंडावर खोटं बोलले. अजून नाही आली, दुकानदार पाठवतच नाही, बस चुकली असेल. ह्यांनाही सांगितलं नाही. ह्यांच्या पोटात काही राहत नाही, तुला माहीत आहे. वेणू अंथरुणाला खिळली तशी मी रोज दुपारी तिच्याजवळ येऊन बसायचे, तू जरा पडायचीस तेव्हा. ती स्वतःच शेवट रचायची आणि माझ्याकडून पास करून घ्यायची. एक दिवस म्हणाली, "काकू, मले वाटते बाळ्या मेल्यावानी पडला असन. सगळ्याइले वाटन गेला. मंग त्याची माय हाक मारन अन् तो डोये उघडन." मला सगळं माहीत आहे अशा घमेंडीत मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हटलं, तू आधी पेज पी. एवढंच. हो म्हणाले असते तर काय बिघडलं असतं? हे मी तुला आजवर सांगितलं नाही. तुझ्या लेकीचे शब्द आहेत, तुझ्याकडे पोचायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी भगवंता दुकानात आला. वेणूने त्याच्याकडून वचन घेतलं होतं की मामा स्वतः हैदराबादेहून कॅसेट आणेल. त्याने मला ठोक दुकानाचा पत्ता मागितला. सोना, तेव्हा कोठी माझ्या पाठीमागच्याच खोलीत होती. मी म्हणू शकले असते की जाऊ नको रे, कॅसेट इथेच आहे आणि ती दाखवण्यासारखी नाही. तो समजून घेणारा माणूस होता. पण नुकतंच म्हणाले होते की नाही आली, आता कोणत्या तोंडाने सांगू? मला लाज वाटली. त्या एवढ्याशा लाजेपायी मी पाठकोऱ्या कागदावर पत्ता लिहून त्याच्या हातात दिला.

पुढचं तुला माहीत आहे. तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी वेणू दुपारपासून मामा मामा करत राहिली आणि दिवेलागणीच्या आत गेली. तिला न्यायला त्याची कोणी वाट पाहिली नाही, पाहताही आली नसती. तिसऱ्या दिवशी तो रिकाम्या हाताने दारात उभा राहिला. तू म्हणालीस, "माही पोरगी तुले हाका मारून मेली, अन् तू तमाशे धुंडत गेलता. पुन्हा ह्या दारात येजो नोको." तो पायरीवर बसला, थोड्या वेळाने उठून गेला. त्या वेळी तुझ्या पाठीवर हात होता तो माझा. मी तेव्हाही गप्प राहिले. त्या कॅसेटचं पुढे काय केलं तेही सांगून टाकते. मागच्या कोपऱ्यातली खाच चिकटपट्टीने बुजवली की भरलेल्या कॅसेटवर पुन्हा भरता येतं, तशी करून ह्यांना कोरी म्हणून दिली आणि तिच्यावर भीमपूरच्या कोणाच्या तरी बारशाचं शूटिंग चढलं.

यंदा जानेवारीत ह्यांनी मुंबईच्या कोण्या कंपनीने काढलेला एक संच आणला. तीच मालिका, सगळी हिंदीतून, रंगीत खोक्यात, घरी बसून पाहायला म्हणून. केबलकडे गेलेली पोरं परत येतील ही ह्यांची भाबडी आशा. पोरं आली नाहीत, मीच पाहिली. जिला सावत्र आई म्हणून आपण शिव्या घातल्या ती बाळ्याची सख्खी मावशी निघाली, जयवंताबाई असत्या तर मला मारलं असतं. शेवटची कॅसेट लावली त्या दुपारी मी तुरीच्या शेंगा सोलत होते. मांडीवर सूप, सूपभर दाणे. नावं सुरू झाली, पण सूप उतरवून उठायचा कंटाळा आला. नावं संपली. पडदा काळा झाला. आणि मग पुन्हा चित्र आलं. सकाळ झालेली, बाळ्या तसाच आईच्या मांडीवर. आई त्याला हाक मारते. एकदा, दोनदा. तिसऱ्या हाकेला तो डोळे उघडतो आणि विचारतो, माझा लोखंड्या कुठे आहे?

सूप कुठे गेलं, दाणे कुठे गेले, मला कळलं नाही. हे धावत आले, म्हणाले काय झालं. काय सांगणार? तो मेलाच नव्हता, सोना. वेणू पाहू शकली असती. तिचं बोलणं खरं ठरलेलं तिने पाहिलं असतं, टाळ्या पिटल्या असत्या, मला चिडवलं असतं. ती वाचली असती असं मी म्हणत नाही, डॉक्टरांनी सांगितलं ते झालंच असतं. पण ती वाट पाहत गेली नसती, आणि तिचा मामा तिच्या उशाशी असता. मी नावं सुरू होताच बटण दाबलं, आणि वर शहाणपणा केला.

जानेवारीतच लिहायला हवं होतं. तीन महिने कागद समोर घेऊन उठले आणि पुन्हा ठेवून दिला. मग मागच्या सोमवारी तुझ्या धाकटीच्या, शकूच्या लग्नाची पत्रिका आली. केवढीशी होती गं ती तेव्हा, आणि आता नवरी झाली. पत्रिका दोनदा वाचली. मामा म्हणून तुझ्या चुलतभावाचं, चंपतरावाचं नाव आहे. तोच शकूला बोहल्यावर आणणार, तोच तिच्या पाठीशी उभा राहणार, आणि सख्खा मामा तामसीत कापसाच्या पऱ्हाट्या उपटत असणार. मला जेवण गेलं नाही. गुरुवारी बस धरून तामसीला गेले आणि भगवंताला शेताच्या बांधावर सगळं सांगितलं. तो मग म्हणाला, "मले हैदराबादेतच समजलं होतं, ताई. दुकानदारानं वही दाखवली, माल तीन हप्त्याआधीच तुमच्याकडं गेलता." मी विचारलं, मग बोलला काऊन नाही रे, एवढं ऐकून घेतलं? तो म्हणाला, "पोरगी गेलती. सोनाले कोणावर तरी रागवाव लागत होतं. भाऊ तुटला तरी चालते. पण त्या गल्लीत ते रडाले कोनापाशी गेली असती? तुमच्याच पाशी ना?" बारा वर्षं तू त्याच्यावर रागावून माझ्या गळ्यात पडून रडलीस, आणि ते सगळं त्याला माहीत होतं. सोना, मी माफी मागायला हे पत्र लिहिलेलं नाही, मला ती मागता येणार नाही. लग्नाला वीस दिवस आहेत. तामसीला स्वतः जा, पत्रिका त्याच्या हातात दे आणि शकूमागे त्याला उभं कर. आता रागवायचं तर माझ्यावर रागव, हवं तितकं. रडायला तुला तुझा भाऊ आहे.

तुझीच म्हणायचा हक्क तू ठेवलास तर तुझीच,
रेणुका