नको म्हणण्याचा सराव

आई,

धुळ्याहून सारिकाचा नमस्कार. तब्येत बरी आहे, डबा वेळेवर येतो. फक्त थकवा जात नाही.

मित्रांनी पुढे केलेली नशेची गोळी नाकारायची कशी, याचा सराव शाळेत दहावीच्या मुलांकडून करून घेते. काल मीच मित्र झाले, गोळी म्हणून हातात खडू धरून अहिराणीत म्हटलं, "ले ना भो, एकच शे!" हितेश नको-नको म्हणत राहिला आणि शेवटी त्याने खडू घेतला. वर म्हणाला, "मॅडम, इतका आग्रह केल्यावर नाही कसं म्हणणार? घरी जेवताना तसंच असतं ना."

तेव्हापासून मन लागत नाही. माझा नवल आजीला त्रास देत नाही ना? त्याचे ते नवे मित्र अजून येतात का?

आई, एक कर. जेवताना त्याने ताटावर हात आडवा धरला, तर वाढू नकोस.

तुझी,
सारिका